प्रवासातले फोटो स्पर्धेला देताना: कोल्हापूरच्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

फोटो कसा काढायचा हे फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते फाईलबद्दल, प्रिंटबद्दल आणि नियमांबद्दल, आणि प्रवेशिका बाद होतात त्याही बहुतेक तिथंच. स्पर्धेगणिक नियमपत्रक बदलतं. इथल्या उत्तरात आणि तुमच्या हातातल्या पत्रकात फरक दिसला, तर पत्रक खरं धरा.

१. प्रवासाच्या विभागात नेमका कसला फोटो धरतात?

ज्यात जागा दिसते असा. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकेची व्याख्या साधारण अशी आहे: एखाद्या प्रदेशाची किंवा तिथल्या लोकजीवनाची वैशिष्ट्यं, जशी आढळली तशी. क्लोजअप असेल तर तो कुठला आहे हे कळेल असं काहीतरी चौकटीत हवं. पुष्करच्या जत्रेतल्या म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा आणि मागे नुसता काळोख, हे झालं व्यक्तिचित्र. तोच म्हातारा उंटांच्या गर्दीत चहा पिताना दिसला की प्रवासाचा फोटो. तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या वरून टिपल्या तर तो फोटो खाद्यपदार्थांत जातो. तीच ताटं हातावर तोलत खानावळीच्या बाकांमधून वाट काढणारा वाढपी प्रवासात चालतो.

पॉइंटवर ओळीत उभ्या केलेल्या घरच्यांचा फोटो कितीही झकास आला तरी तो अल्बमचा.

२. मी कोल्हापूरचाच. रंकाळ्याचा नाहीतर पन्हाळ्याचा फोटो प्रवासात चालेल का?

पत्रकात ‘जिल्ह्याबाहेरचा हवा’ अशी अट नसेल तर चालतो. वरच्या व्याख्येतही अंतराची अट नाही. अडचण वेगळीच आहे. परीक्षकही इथलेच असतात. शालिनी पॅलेसमागचा सूर्यास्त, पन्हाळ्याचं धुकं, त्रिपुरारीच्या पहाटेच्या पणत्यांनी उजळलेला पंचगंगा घाट हे त्यांनी इतक्यांदा पाहिलेलं असतं, की फोटो कुठल्या पायरीवरून काढलाय तेही ते सांगतील. इथला फोटो द्यायचा तर ओळखीच्या जागेतली अनोळखी बाजू शोधा. खासबाग मैदानात कुस्ती सुरू असताना सगळे कॅमेरे हौद्याकडे वळलेले असतात. डाव बसतो त्या क्षणी अर्धवट उठलेलं पब्लिक कुणी टिपत नाही. गुऱ्हाळावर काहिलीतल्या वाफेमागून सकाळचं ऊन येत असेल, तर उजेडाकडे तोंड करून उभे राहा आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉपनं कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तसं केलं नाही तर वाफ नुसती पांढरी फटक येते.

३. राधानगरीचा गवा, मसाई पठारावरची फुलं?

एकटा गवा किंवा एकटं फूल निसर्ग विभागात द्या. पठाराचा विस्तार, पाऊलवाट, गुरं, इरलं पांघरलेला माणूस यांसकट फुलं असतील तर प्रवास.

४. हौशी म्हणजे कोण? मी वर्षाला दोन-चार लग्नांची कामं घेतो.

ज्याची मुख्य कमाई फोटोग्राफीवर नाही तो, असा साधारण अर्थ घेतात. एखादी प्रिंट विकली किंवा नातेवाइकांच्या लग्नात पाकीट मिळालं म्हणून कुणी व्यावसायिक ठरत नाही. स्टुडिओ, जीएसटी नंबर किंवा दरपत्रक असलेलं व्यवसायाचं पान असेल तर मात्र आयोजक हरकत घेतात. शंका असेल तर फी भरण्याआधी लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. निकालानंतर हरकत आली की बक्षीस परत जातं आणि गावात चर्चा होते ती वेगळी. आयोजक आणि परीक्षक यांच्या घरच्यांना भाग घेता येत नाही, हा नियम जवळपास सगळीकडे असतो.

५. मोबाईलवरचा फोटो चालतो का? माझा मोबाईल ५० मेगापिक्सेलचा आहे.

‘मोबाईल स्वतंत्र विभागात’ असं लिहिलेलं नसेल तर चालतो. पण ५० मेगापिक्सेलच्या मोबाईलवर नेहमीच्या सेटिंगला मिळणारी फाईल बहुधा १२ मेगापिक्सेलच्या आसपासच असते, कारण सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून एक बनवतो. तेवढी फाईल पुरते. घात होतो तो बोटांनी झूम केल्यावर. दुप्पट डिजिटल झूम म्हणजे मधला पाव भाग कापून तोच ताणलेला फोटो. फाईलचा आकडा मोठा दिसतो, पण प्रिंटमध्ये पानं मेणाची आणि चेहरे रंगवल्यासारखे येतात.

६. १२ बाय १८ इंची प्रिंटला फाईल केवढी लागते?

३०० डीपीआयनं (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छापायची तर ३६०० × ५४०० पिक्सेल आणि २०० नं छापायची तर २४०० × ३६००. भिंतीवरची प्रिंट माणूस दोन-तीन फुटांवरून बघतो, त्यामुळे २०० पुरतं. १५० च्या खाली जाऊ नका.

फाईल ‘७२ डीपीआय’ दाखवते म्हणून घाबरून फोन करणारे बरेच असतात. तो आकडा नुसती चिठ्ठी आहे, पिक्सेल मोजा. ७२ चा ३०० करून फाईल सुधारत नाही आणि ३०० चा ७२ झाल्यानं बिघडतही नाही.

७. लॅबमधून प्रिंट आणली तर कळसच कापला गेला होता. असं का होतं?

बऱ्याच कॅमेऱ्यांची चौकट ३:२ असते आणि १२ × १८ हा कागदही ३:२ चाच. मोबाईलची चौकट मात्र ४:३. मोबाईलची ४०३२ × ३०२४ ची आडवी फाईल १२ × १८ वर पूर्ण भरून छापायची तर उंचीतले ३३६ पिक्सेल, म्हणजे सुमारे ११ टक्के, जाणारच. ते कुठले जायचे हे तुम्ही ठरवलं नाही तर मशीन वरून-खालून सारखं कापतं. म्हणून स्वतः ३:२ ला क्रॉप करून मगच फाईल द्या. क्रॉपनंतर ४०३२ × २६८८ उरतात, म्हणजे १८ इंचाला २२४ डीपीआय. पुरेसं आहे.

काहीच कापण्यासारखं नसेल तर १२ × १६ चा फोटो १२ × १८ च्या कागदावर दोन्ही बाजूंना एक-एक इंच पांढरी पट्टी सोडून छापता येतो. त्याआधी पत्रकात पांढऱ्या पट्टीला मनाई नाही ना, ते पाहा. एआयनं कडा ‘वाढवून’ चौकट भरायची नाही. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

८. आयोजकांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवलेत. पाठवू का?

पाठवा, पण डॉक्युमेंट म्हणून. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास आक्रसतो. १८ इंचाला तो ८९ डीपीआय पडतो. अटॅचमेंटच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडा, फाईल शोधा आणि पाठवण्याआधी तिचा आकार एमबीमध्ये दिसतोय का ते बघा. इन्स्टाग्रामवरून स्वतःचाच फोटो उतरवून पाठवणारेही कमी नाहीत. तिथं रुंदी साधारण १०८० पिक्सेल असते. तसली फाईल छापू नका.

९. डिजिटल विभागात ‘१९२० × १०८०’ लिहिलंय. माझा फोटो उभा आहे, मग १०८० × १९२० करू का?

नका करू. हा आकडा प्रोजेक्टरचा पडदा आहे: रुंदी जास्तीत जास्त १९२० आणि उंची जास्तीत जास्त १०८०. उभा ३:२ चा फोटो त्यात ७२० × १०८० असा बसतो. आडवा ३:२ चा १६२० × १०८० होतो, म्हणजे त्यालाही पूर्ण १९२० ची रुंदी मिळत नाही. फोटो ताणून चौकट भरली तर माणसं आडवी फुगलेली दिसतात आणि परीक्षकांना ते लगेच कळतं.

जेपीजीची क्वालिटी शंभरपैकी ८५-९० ठेवा, कलर स्पेस (फाईलमधल्या रंगांचा आवाका) एसआरजीबी. ॲडोबी आरजीबीमधली फाईल प्रोजेक्टरवर निस्तेज दिसते, आणि लोक दोष प्रोजेक्टरला देतात. फोटोवर सही, तारीख, वॉटरमार्क, बारीक चौकट काही नको. फाईलच्या नावातही तुमचं नाव नको. पत्रकात सांगितलेला क्रमांक तेवढा टाका.

१०. मोबाईलवर लखलखीत दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद खोलीतला उजेड परतवतो. त्यात आपण ब्राइटनेस पूर्ण चढवून एडिट करतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, दिवसाउजेडी खोलीत बसा आणि मग सावल्यांत काय दिसतं ते बघा. बहुतेक वेळा पाव ते अर्धा स्टॉप वाढवावा लागतो. मग त्याच लॅबमध्ये ४ × ६ ची चाचणी प्रिंट काढा. मोठी प्रिंट वाया घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. काउंटरवर ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ हे सांगायला विसरू नका. मशीनला संध्याकाळ कळत नाही, ते धुकंही स्वच्छ करून टाकतं.

११. प्रिंट मॅट की ग्लॉसी? आणि माउंट घरी कसं करायचं?

मॅट किंवा लस्टर. ग्लॉसीवर हॉलमधल्या ट्यूबलाइट आरशासारख्या उमटतात.

माउंटला ५ मिमीचा सनबोर्ड घ्या. ३ मिमीचा पावसाळ्यात कमानीसारखा वाकतो. फेविकॉल अजिबात नको. त्यातलं पाणी कागदात मुरतं आणि सकाळपर्यंत प्रिंटवर लाटा उठतात. एक इंची दुहेरी चिकटपट्टी बोर्डाच्या चारही कडांना आणि मधे दोन ठिकाणी लावा. वरच्या कडेच्या पट्टीचा कागद सोला, प्रिंटची कड तिथं सरळ बसवा, मग खालच्या पट्ट्या एकेक सोलत मऊ फडक्यानं मधून बाहेरच्या बाजूला दाबत या. सगळ्या पट्ट्या एकदम सोलल्या तर प्रिंट वाकडी चिकटते आणि पुन्हा निघत नाही. जादा बोर्ड स्टीलची पट्टी धरून नव्या पात्याच्या कटरनं कापा. मागे प्रवेशिकेची चिठ्ठी आणि ‘वर’ असा बाण. पाण्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो उलटा टांगला गेला तर दोष कुणाचा?

पावसाळ्यात प्रिंट नेताना दोन प्रिंट तोंडाला तोंड लावून ठेवू नका. मधे बटर पेपर घाला, बाहेरून प्लास्टिक गुंडाळा.

१२. एडिटिंग किती चालतं?

उजेड, कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स, रंगांची बेताची दुरुस्ती, क्रॉप, क्षितिज सरळ करणं, नॉइज (कमी उजेडातल्या फोटोतले रवे) कमी करणं, सेन्सरवरचे धुळीचे ठिपके काढणं हे चालतं. पूर्ण फोटो कृष्णधवल करणंही चालतं. फोटो कृष्णधवल आणि साडी तेवढी लाल, असं मात्र चालत नाही.

प्रवास विभागात चौकटीतलं काहीही वाढवायचं, हलवायचं, बदलायचं किंवा पुसायचं नाही. आभाळ बदलणं, पक्ष्यांचा थवा आणून सोडणं, विजेची तार जादूच्या खोडरबरानं घालवणं हे सगळं त्यात आलं. तार कडेला असेल तर क्रॉप करून घालवा, ते नियमात बसतं. मधोमध असेल तर राहू द्या. हंपीच्या गोपुरासमोर तार आहे, तर ती तिथं आहेच.

मोबाईल यात न विचारता लुडबुड करतो. काही मोबाईल चंद्राला स्वतःच्या मनानं डाग आणि कडा देतात, काही चेहरे गुळगुळीत करतात. सीन ऑप्टिमायझर, ब्यूटी असल्या सोयी प्रवासाला निघतानाच बंद करा, नंतर ते काढता येत नाही. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करणं) आणि पॅनोरमा (शेजारशेजारचे फोटो जोडणं) यांबद्दल स्पर्धांमध्ये एकमत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

१३. ज्योतिबाच्या यात्रेत काढलेल्या फोटोवर गुलालाचे ठिपके आहेत. ते काढले तर फसवणूक होते का?

ठिपका कुठं आहे त्यावर ठरतं. सेन्सरवर किंवा लेन्सवर बसलेला कण असेल तर काढा, ती कॅमेऱ्याची घाण. हवेत उडालेला गुलाल हा यात्रेचा भाग, तो काढायचा नाही. ओळखायचं असं: त्या दिवशीचे पाच-सहा फोटो उघडा. सेन्सरवरचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, एफ ११-१६ ला (लेन्सचं छिद्र बारीक असताना) ठळक दिसतो आणि एफ ४ ला जवळजवळ नाहीसा होतो. फ्लॅश मारल्यावर उमटलेले मोठे धूसर गोळे म्हणजे लेन्ससमोरच तरंगणारा गुलाल. ते पुसायला गेलात तर खालचं चित्र बनवावं लागतं, म्हणून तो फोटोच सोडा.

पुढच्या चैत्राला डोंगरावर लेन्स बदलूच नका. कॅमेरा पारदर्शक पिशवीत घाला, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. ओलं फडकं लावलंत तर गुलालाचा चिखल होऊन झूमच्या कड्यात जातो आणि रिपेअरवाल्याची दिवाळी होते.

१४. निवड झाल्यावर मूळ फाईल मागितली. माझ्याकडे एडिट केलेलीच आहे.

मग बहुधा नाव कापलं जाईल. एडिटिंगची तपासणी मूळ फाईलवरूनच होते. म्हणून मूळ जेपीजी किंवा रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाईल) वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एडिटिंग प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं परत आलेली फाईल मूळ धरत नाहीत, कारण तिच्यातली तारीख, लेन्स, शटर स्पीड ही माहिती उडालेली असते.

कॅमेऱ्याचं घड्याळच चुकीचं असेल, तर फाईलमधली तारीख सॉफ्टवेअरनं ‘दुरुस्त’ करू नका, छेडछाड दिसते. त्याच सहलीचे आगेमागचे फोटो आणि एक साधं पत्र जोडा.

१५. कॅप्शन काय लिहू?

जागा, तालुका किंवा जिल्हा, महिना, आणि फोटोत दिसत नाही अशी एक गोष्ट. ‘निसर्गाची किमया’ किंवा ‘मन प्रसन्न’ लिहू नका. खिद्रापूरचा फोटो असेल तर असं लिहा: ‘कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप, खिद्रापूर, ता. शिरोळ. कार्तिक पौर्णिमेला छतातल्या गोल उघड्या भागातून आत उतरणारं चांदणं.’ हे वाचल्यावर परीक्षक पुन्हा वर पाहतो. जागेचं नाव तिथले लोक लिहितात तसं लिहा. चुकीचं नाव परीक्षकाच्या गावचं निघालं तर संपलं.

१६. देवळात आणि किल्ल्यावर काढलेल्या फोटोला परवानगी लागते का?

मनाई असलेल्या जागेचा फोटो स्पर्धेत देऊ नका, बाकी कसाही आला असला तरी. अंबाबाईच्या गाभाऱ्याचे, किरणोत्सवाच्या दिवसांतले (मावळतीची किरणं मूर्तीवर येतात ते दिवस: ९ ते ११ नोव्हेंबर, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी) लपूनछपून काढलेले मोबाईल फोटो येतात आणि तसेच परत जातात. पन्हाळा आणि कोपेश्वर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत; तिथं हातात धरून साधे फोटो काढता येतात, ट्रायपॉडला परवानगी लागते.

ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन (परवानगीशिवाय उडवता येतो तो भाग) नसतो आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तो २०० फुटांपर्यंतच असतो. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच आहे, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नका. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी नकाशा बघायचाच. अभयारण्यात तर नकोच.

१७. वाटेत भेटलेल्या माणसांचे फोटो?

जमेल तिथं विचारा, नुसती मान हलवून विचारलं तरी चालतं. घाटावर अंघोळ करणाऱ्या बायका, दवाखाना, स्मशान यांचे फोटो देऊ नका. लहान मुलांसाठी घरच्या मोठ्यांना विचारा. पैसे देऊन जाळं फेकायला लावलेला कोळी कठोर नियमांच्या प्रवास विभागात बसत नाही, कारण प्रसंग फोटोसाठी घडवलेला असतो. फोटो टूरवर हेच होतं: वीस जण एका ओळीत, समोर एकच होडी. मग एकाच स्पर्धेत त्याच होडीच्या चार प्रवेशिका येतात आणि चारही मागे पडतात.

१८. वडिलांच्या जुन्या रोलवरचे फोटो देता येतील का?

वडिलांच्या नावानं आणि नियमात काळाची मर्यादा नसेल तर. तुमच्या नावानं नाही (प्रश्न २० पाहा). तुमचाच रोल असेल तर निगेटिव्ह स्कॅन करा, प्रिंटचा फोटो काढू नका. ३५ मिमीची चौकट २४०० डीपीआयला स्कॅन केली की साधारण ३४०० × २२६८ पिक्सेल मिळतात, म्हणजे १८ इंचाला १८९ डीपीआय. चालून जातं. निगेटिव्ह जपून ठेवा, मूळ फाईल म्हणून तीच दाखवायची.

१९. फोटो दिला की हक्क आयोजकांचे होतात का?

आपोआप होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. ‘प्रदर्शन, कॅटलॉग आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी नावासह वापर’ ही अट वाजवी. ‘आलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं लिहिलं असेल, तर बक्षिसाचा आकडा बघून भुलू नका. तिथं दुसऱ्या फळीतला फोटो द्या किंवा देऊच नका. एकच फोटो दोन स्पर्धांना चालू असेल तर दोन्हीकडे कळवा. ‘पूर्वी पारितोषिक न मिळालेला’ ही अट निकालाच्या दिवशीही लागू होऊ शकते.

२०. कॅमेरा माझा, सेटिंग माझं, पण बटण बायकोनं दाबलं. कुणाच्या नावानं द्यायचा?

तिच्या. कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा, कॅमेऱ्याचा मालक नव्हे. ट्रायपॉडवर चौकट तुम्ही ठरवली आणि टायमर लावला, तर फोटो तुमचा. पोराच्या हातात मोबाईल देऊन त्यानं सहज टिपलेला फोटो सगळ्यात चांगला निघाला, तर बालगट आहे का ते बघा आणि फॉर्मवर त्याचंच नाव घाला.